माल आपला, मग सांगायची लाज कशाला?



गेल्या महिन्यात मालेगाव, नांदगाव, येवला आणि सिन्नर तालुक्यांतील कार्यकर्त्यांची बैठक झाली. विषय होता कापसाच्या खेडा खरेदीचा. बोलता बोलता आम्ही विचारले, "व्हॉट्सअ‍ॅप किती जणांच्या फोनवर आहे?" दोन-चार म्हातारी माणसे सोडली तर सगळ्यांचे हात वर झाले. मग विचारले, "त्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आपला माल विकायला आहे, असे आजवर किती जणांनी कोणाला कळवले?" हात वर आले फक्त दोन. त्यातला एक गडी म्हणाला, "मी कडबा विकला, पण पाव्हण्यांच्या ग्रुपवर नाही टाकलं. लोक म्हणतील, याच्यावर काय वेळ आली!"

सारी बैठक हसली. आम्हीही हसलो. पण त्या गड्याच्या बोलण्यात आपल्या धंद्याचे एक जुने दुखणे आहे. आजचा अग्रलेख त्या दुखण्यावर आहे.

आंदोलनाला चालतो, धंद्याला का नाही?

शेतकऱ्याला फोन वापरता येत नाही, असे आता कोणी म्हणू नये. सकाळचे सुप्रभात, नातवाचा वाढदिवस, दहाव्याचा निरोप, पुढाऱ्यांची भाषणे हे सारे आपण दिवसभर इकडून तिकडे पाठवत असतो. आंदोलनात तर या फोनने फार मोठे काम केले आहे.

१० नोव्हेंबर १९८० रोजी नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी शेतकरी मुंबई–आग्रा रस्त्यावर उतरला. तेव्हा निरोप जायचे ते सायकलवरून, एसटीच्या कंडक्टरबरोबर, आठवडे बाजारात वाटलेल्या पत्रकांतून. एका गावची बातमी दुसऱ्या गावाला पोचायला दिवस लागत. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा काय झाले ते आठवा. पुणतांब्याच्या ग्रामसभेतून निघालेली गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव गेली. ३ जूनच्या पहाटे मुंबईत काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. नाशिकच्या शेतकऱ्याने फोनवर ती बातमी पाहिली, आपापसात बोलून घेतले आणि संप चालू ठेवला. पुढे २४ जूनला सरकारला ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर करावी लागली. ती कोणाच्या पदरात किती पडली, हा वेगळा हिशेब आहे. पण मुंबईत झालेला समझोता त्याच दिवशी बांधावर नाकारला जातो, हे या फोनशिवाय घडले नसते.

धंद्यातही अशी उदाहरणे आहेत. २०१२ साली हळदीचे भाव कोसळले होते. सांगली भागातील हळद उत्पादकांनी तेव्हा फेसबुकवरून एकमेकांना गाठले. कुठे काय भाव चालू आहे याची देवघेव सुरू झाली आणि पडत्या भावात सौद्याला माल न्यायचा नाही असे ठरले. माल थांबला तसे भाव सावरले. हळद टिकणारा माल, म्हणून थांबवता आली हे खरे. पण थांबायचे सगळ्यांनी मिळून, हे ठरवायला त्यांना ना सभा लागली ना मंडप.

मग आपण कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले मागे का? ज्या हाताने आपण घोषणा पाठवतो, त्याच हाताने 'माझ्याकडे पाच क्विंटल शाळू आहे, भाव इतका' असे लिहिताना तो हात का अडखळतो?

भाव आधी कोणी बोलायचा?

नीट पाहिले तर अडखळण्याचे कारण 'भाव इतका' या दोन शब्दांत आहे. कुंभार मडक्याचा भाव सांगतो. शिंपी शिलाई सांगतो. दुकानदार पुड्यावर किंमत छापून घेतो. आपल्या मालाचा भाव घेणाऱ्याने बोलायचा आणि आपण मान हलवायची, अशी रीत फक्त शेतकऱ्याच्या वाट्याला आली. पिढ्यान् पिढ्या हेच चालल्यामुळे स्वतःच्या तोंडाने भाव सांगणे आपल्याला उर्मटपणा वाटू लागले, आणि गिऱ्हाईक शोधणे म्हणजे भीक मागणे वाटू लागले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आपण सरकारच्या दारात बेंबीच्या देठापासून दिली. गिऱ्हाइकापुढे उभे राहिलो की मात्र घामाचे दाम सांगायला जीभ रेटत नाही.

भाव झाकून ठेवण्याचा इतिहास तर फार जुना आहे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटे दाबत आणि सौदा होई. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा, आणि त्यालाच भाव ठाऊक नाही! बाजाराला नियम असावेत म्हणून १८८६ साली वऱ्हाडात कारंजाला कापसाचा पहिला नियंत्रित बाजार झाला, तेव्हापासून उघड लिलावाची गोष्ट चालू आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारने १९७२ पासून तीसेक वर्षे कापसाची एकाधिकार खरेदी चालवली. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी आपला कापूस सीमेपलीकडे नेणे गुन्हा होता. बैलगाडीतून कापूस पलीकडे नेणाऱ्यांना रात्री चोरासारखे पकडले जायचे.

रुमाल गेला, एकाधिकारही गेला. आता मालेगाव, धुळे, जळगाव आणि पलीकडे गुजरातच्या बाजारांतले भाव सकाळी फोनवर येतात. अडचण आता एवढीच उरली आहे की भाव आपण नुसता वाचतो, बोलत नाही.

संकोचाची चार कारणे

आम्ही कार्यकर्त्यांना खोदून विचारले, तेव्हा चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली, लाज. विकणे हे व्यापाऱ्याचे काम, आपण पिकवणारे. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार' ही म्हण आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. पण १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम दिला, त्यात सीताशेती आणि माजघरशेतीबरोबर व्यापारशेती आणि निर्यातशेतीही होती. व्यापार हा शेतीचाच भाग आहे, हे आपण तेव्हा टाळ्या वाजवून मान्य केले. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, आता आचरणाची वेळ आहे.

दुसरी, भाऊबंदांची आणि सावकाराची नजर. 'किती माल आहे ते सगळ्यांना कळेल, मग उसनवारीवाले दारात येतील.' अहो, तुमच्या घरात किती कापूस पडला आहे हे गावातल्या खरेदीदाराला तुमच्या आधी ठाऊक असते. फुले वेचायला आलेल्या बायाच त्याला सांगतात. तरीही वाटत असेल, तर सगळा माल लिहू नका. दोन क्विंटल लिहा. तो गेला की पुढचे दोन लिहा.

तिसरी, 'आम्हाला शुद्ध लिहिता येत नाही.' गिऱ्हाईक व्याकरण विकत घेत नाही, ज्वारी घेते. लिहिता येत नसेल तर आवाज भरून पाठवा, गोणीचा फोटो पाठवा. नाशिकच्या बाईला तुमच्या बोलीतला निरोप ऐकून माल शेतावरचा आहे याची खात्रीच पटेल.

चौथी, फसवणुकीची भीती. ही भीती खरी आहे. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

ज्वारीचे काय करता येईल?

ज्वारी हा थेट खाणाऱ्याला विकण्याजोगा माल आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. डॉक्टर मंडळी साखरेच्या रोग्याला भाकरी खायला सांगू लागली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. शहरात भाकरीला मान आला, आपल्या खळ्यावर मात्र भाव वाढला नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस रुपये होता. नाशिकच्या कोणत्याही वाण्याकडे जाऊन चांगल्या शाळूचा भाव विचारा आणि मधली रक्कम कोणाच्या खिशात जाते ते मोजा. घरी खाण्यासाठी धान्य घेणाऱ्याला शेतकऱ्याने स्वतःचा माल थेट द्यायला बाजार समितीच्या कायद्याची आडकाठी नाही. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांनी आणि भाजीवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घेऊन सोसायट्यांच्या दारात माल पोचवला. द्राक्ष दोन दिवसांत नासते, तरी त्यांनी ते केले. आपली ज्वारी तर वर्षभर टिकते.

निरोप कसा असावा? साधा. गाव आणि तालुका. वाण कोणता, या हंगामाचा की मागच्या. चाळलेली आहे का, उन्हात वाळवलेली आहे का. गोणी किती किलोची. भाव किती, आणि त्यात पोच धरली आहे की नाही. बस्स, पाच ओळी. सोबत दोन फोटो, एक गोणीचा आणि एक तळहातावरच्या दाण्यांचा. दाण्यात काळी पडलेली ज्वारी असेल तर तीही फोटोत दिसू द्या आणि भाव कमी लावा. एकदा खोटा फोटो टाकला की ते गिऱ्हाईक जन्मभर परत येत नाही, आणि ते दहाजणांना सांगते.

भाव ठरवताना पिकवण्याचा खर्च, घरच्या माणसांची मजुरी, चाळणी, गोणी आणि गाडीभाडे सारे धरा. घरची मजुरी सोडून भाव लावला तर इतकी वर्षे सरकारशी भांडलो कशासाठी?

ज्वारीबरोबर कडबा आहे. सिन्नर-संगमनेरकडच्या गोठेवाल्यांना तो लागतो, आणि कोणत्या गावात किती पेंढी शिल्लक आहे हे त्यांना कळत नाही. हुरड्याच्या दिवसांत शहरातली माणसे शेतावर यायला तयार असतात. पीठ, पापड, लाह्या हे घरच्या बायांचे काम. त्याला अन्न परवान्याची नोंदणी करावी लागते, ती बचत गटाच्या नावाने करून घ्यावी.

कापसाचे काय?

कापूस घरोघर विकता येत नाही. तो जिनिंगलाच जातो. म्हणून तिथे एकट्याने लिहून भागणार नाही, गावाने मिळून लिहावे लागेल.

व्यापाऱ्याचा हिशेब समजून घ्या. तो कापूस घेतो, पण मोजतो रुई आणि सरकी. समजा एका क्विंटलमधून ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघाली, बाकी दोन किलो घट. समजा रुई १५० रुपये किलो आणि सरकी ३५ रुपये किलो. रुईचे ५,१०० आणि सरकीचे २,२४० मिळून ७,३४० रुपये झाले. आता दुसऱ्या शेतातल्या कापसाचा उतारा ३६ किलोचा आहे. त्याची रुई ५,४०० रुपयांची आणि सरकी २,१७० रुपयांची, बेरीज ७,५७०. दोन किलो उताऱ्यात क्विंटलमागे २३० रुपयांचा फरक पडला. खेडा खरेदीत मात्र दोन्ही कापूस एकाच ढिगावर आणि एकाच भावाने जातात. वरून काट्यात मार आणि ओलाव्याची कटती वेगळीच.

गावातल्या वीस-पंचवीस घरांनी आपापल्या कापसाची मोजदाद केली, नमुना जिनिंगला नेऊन उतारा काढून आणला, ओलावा मोजला आणि 'आमच्या गावात इतके क्विंटल कापूस, उतारा इतका, ओलावा इतका, पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा, भाव इतका' असा एकच निरोप तीन-चार तालुक्यांतल्या जिनिंगवाल्यांना पाठवला, तर गाडी गावात येईल आणि बोली सगळ्यांसमोर होईल. भाव आधी आपण बोललेलो असू. कोणी आपल्या भावाला घेणार नाही, थोडे खाली यावेही लागेल. पण सुरुवात आपल्या आकड्यापासून होईल.

आता एक खुलासा. फोनने भाव मिळतो असा भाबडा प्रचार आम्ही करणार नाही. १९ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीच्या सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले आणि पुढे ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला कापूस घरात यायच्या वेळीच परदेशी रुईला दार उघडले. असे घाव व्हॉट्सअ‍ॅपने झेलता येत नाहीत, त्यासाठी रस्त्यावरच यावे लागते. पण सरकारने मारलेला घाव वेगळा आणि खरेदीदाराने दारात येऊन काढून नेलेले दोनशे रुपये वेगळे. दुसरे वाचवणे आपल्या हातात आहे.

न शिकण्याची किंमत

त्याच हंगामात दुसरी एक गोष्ट घडली. सीसीआयने हमीभावाने कापूस घेण्यासाठी 'कपास किसान' या अ‍ॅपवर नोंदणी सक्तीची केली. त्यासाठी सातबाऱ्यावर कापसाची ई-पीक पाहणी हवी, आणि माल नेण्याची तारीखही फोनवरच घ्यायची. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. ज्याची नोंदणी झाली नाही त्याला तो फरक सोसावा लागला.

ही सक्ती आम्हाला मान्य नाही. अंगठा उठत नाही आणि नेट चालत नाही म्हणून शेतकऱ्याचा हक्क बुडता कामा नये, हे आम्ही बोलत राहू. २०१७ च्या कर्जमाफीच्या अर्जासाठी म्हातारी माणसे सेवा केंद्राच्या दारात कशी ताटकळली ते आम्ही विसरलेलो नाही. पण सक्तीविरुद्ध भांडत असताना आपल्या घरातले एक तरी माणूस हे शिकलेले असले पाहिजे.

ते माणूस बहुतेक घरांत आहे. दहावी-बारावी झालेली सून किंवा मुलगी. १९८६ साली आपल्याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, त्याचा अभिमान आपण सांगतो. मग घरच्या लक्ष्मीच्या हातात फोन दिला तर भावकीत बोलणी होतील, ही भीती का? माल तिने निवडला, वेचला, चाळला. भावही तिलाच सांगू द्या.

सावधपणाचे नियम

भीतीबद्दल लिहितो म्हटले होते. व्यापाऱ्यांनी माल नेऊन पैसे बुडवण्याचे प्रकार नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी फोन नसतानाही सोसले. २०२० साली पोलिसांना अशा बुडव्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली. म्हणजे फसवणूक फोनने आणली नाही, पण फोनवर ती लवकर होते. म्हणून एवढे पाळा.

अनोळखी माणसाला उधारीवर माल देऊ नका. पैसे खात्यात जमा झाल्याचे स्वतः पाहा, गिऱ्हाइकाने दाखवलेल्या चित्रावर विश्वास ठेवू नका. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. जो 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणतो तो चोर समजा. ओटीपी जावयालाही सांगू नका. फसलात तर लाजू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. फोनवर सवंग भावात मिळणारे बिनपावतीचे बियाणे घेऊ नका. ते उगवले नाही तर कोणाच्या नावाने बोंब मारणार? आणि आलेला भाव पुढे पाठवण्याआधी त्यावरची तारीख पाहा. गेल्या वर्षीचा भाव आज फिरवून बाजार पाडणारे आणि चढवणारे दोन्ही आहेत.

मालाचा ग्रुप वेगळा ठेवा. त्यावर सुप्रभात नको, देवाचे फोटो नकोत, पक्षाचा झेंडा नको. पहिल्यांदा समज द्या, दुसऱ्यांदा काढून टाका.

चूक आमचीही

शेवटी आमच्या पदरात माप घालतो. याच पानांवरून आम्ही 'पोरे फोनमध्ये डोके घालून बसतात' म्हणून टोमणे मारले. छापील अंक आणि सभा एवढाच प्रचार, असे आम्ही धरून चाललो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेले कापसाचे बियाणे उघडपणे पेरले, तेव्हा तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्यावर आम्ही रकानेच्या रकाने भरले. सरकारकडे तंत्रज्ञान मागणाऱ्या आम्हाला खिशातल्या तंत्रज्ञानाने ज्वारी विकायचे सुचले नाही. त्या दोन हातांनी बैठकीत आम्हाला धडा दिला.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीपुढे आम्ही एकच ठराव ठेवत आहोत. प्रत्येक गावच्या शाखेने मालाचा एक ग्रुप काढावा, त्याची जबाबदारी एका पुरुषावर आणि एका बाईवर द्यावी, आणि या रब्बीचा निदान एक क्विंटल शाळू प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतः भाव सांगून विकावा. कितीला गेला, गिऱ्हाईक काय म्हणाले, कुठे फसलो, हे पुढच्या बैठकीत उभे राहून सांगावे. नुकसान झाले असेल तर तेही सांगावे, आम्ही या पानावर छापू.

त्या कडबा विकणाऱ्या गड्यालाही आमचे सांगणे आहे. बाबा रे, पाव्हण्यांच्या ग्रुपवरही टाक. तुझ्यावर वाईट वेळ आलेली नाही. तू घामाचा माल घामाच्या भावाने विकतो आहेस, आणि उद्या तेच पाव्हणे तुला विचारतील, 'दाजी, गिऱ्हाईक कसं गाठलं ते आम्हालाही सांगा.'